जहागीरदाराचं ताट

आर्डलिनचा किल्ला पडका आहे म्हणून आमच्याकडे कोणी हळहळत नाही. आमच्या आजोबांच्या आजोबांनीही तो पडकाच पाहिला होता. छप्पर कधीच गेलं, दारं-खिडक्यांची लाकडं कोणाच्या तरी चुलीत गेली. उरलाय एक बुरूज, नदीकडची भिंत, आणि त्या भिंतीत जहागीरदाराचा संडास. हो, संडासच. दगडी बाक, बाकाला भोक, आणि भोकातून भिंतीच्या पोटातून खाली गेलेला दगडी नळा. तो थेट उघडतो स्केर नदीच्या धबधब्यावर. एवढा थाट करून माणूस बसणार कशाला, तर त्याला! पण हसू नका, या संडासाचं पुढे काम आहे.

नळ्याच्या तोंडाखाली, दोन पुरुष खोल, कड्यातून खडकाची एक पट्टी बाहेर आलेली आहे. तिला आम्ही जहागीरदाराचं ताट म्हणतो. धबधब्याचे तुषार पडून तिथलं गवत बाराही महिने हिरवंगार असतं. मेंढीला ते वरून दिसतं, आणि मेंढीची अक्कल ती काय! ती उडी मारून उतरते, पोटभर चरते, मान वर करून बघते, तर परत जायला वाट नाही. मग ओरडत बसते.

अशा वेळी काय करायचं हे दरीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. काही करायचं नाही. जवळ जायचं नाही, हाक मारायची नाही, कुत्रं सोडायचं नाही. अंगात ताकद असलेली मेंढी माणूस दिसला की बिथरते आणि सरळ धबधब्यात उडी घेते. म्हणून थांबायचं. गवत संपतं, मेंढी भुकेने खंगते, गुडघ्यावर येते. मग दोराने उतरायचं. तेव्हा ती मान टाकते आणि मुकाट्याने पाय बांधून घेते. याला म्हणतात मेंढी हाताला आली. हेन्यांच्या घराण्याला या कामात तोड नव्हती. म्हातारा टॉम हेने म्हणायचा, "घाई करणाऱ्याच्या मेंढ्या समुद्रात शोधाव्या लागतात."

त्या टॉमची मुलगी इशबेल, तिची ही गोष्ट.

इशबेल हेने किल्ल्याच्या पायथ्याच्या घरात जन्मली आणि साठीला टेकेपर्यंत तिथंच राहिली. आई लवकर गेली, मग बाप गेला, उरले ती आणि तिचा थोरला भाऊ वॉटी. दोघंही बिनलग्नाची. वॉटी मेंढ्या बघायचा आणि इशबेल बाकी सगळं बघायची. शिवाय मेंढ्याही बघायचीच. कड्यावर वॉटी दोराने उतरला की दोर धरायला वर इशबेल. दुसऱ्या कोणाच्या हातावर त्याचा भरवसा नव्हता. दिसायला हाडकुळी, पण मनगटं अशी की जत्रेत बायकांच्या रस्सीखेचीत तिला आपल्या बाजूला घ्यायला भांडणं व्हायची. बोलायला फटकळ. कोणी पाहुणा "काय सुंदर आवाज आहे हो धबधब्याचा!" म्हणाला, की ही म्हणायची, "घेऊन जा घरी. पिशवी देऊ?"

कारण तिला त्या आवाजाचा वीट आला होता. जन्मापासून एक रात्र अशी गेली नव्हती की कानात तो घरघराट नाही. तिची मैत्रीण रोना पोर्टपॅट्रिकला समुद्राकाठी चहाचं दुकान चालवायची. तिने निरोप धाडला होता: मी एकटी पडते, वरची खोली रिकामी आहे, भागीदार म्हणून ये. इशबेलने एका संध्याकाळी सूप वाढता वाढता वॉटीला सांगून टाकलं. "मी जाणार आहे. नोव्हेंबरातल्या दुसऱ्या शुक्रवारच्या बसने."

वॉटीने चमचा तोंडात घातला, तो बाहेर काढला, आणि तेव्हापासून जी तोंडात मिठाची गुळणी धरली ती धरलीच. हो नाही, नाही नाही. तीन आठवडे घरात ब्र नाही. सकाळी लापशी पुढे ठेवली की खायचा, रात्री चहा दिला की प्यायचा, आणि भिंतीकडे बघत राहायचा.

आणि इशबेलला घाम फुटायचा. कारण हे तिने आधी पाहिलेलं होतं. ती तेवीस वर्षांची असताना कॅलम ऑर नावाचा एक जण बांधाच्या दगडी भिंती रचायला आमच्या दरीत आला होता. हसरा, लाल केसांचा. उन्हाळाभर दोघं त्या भिंतींच्या आडोशाला भेटली. कॅनडात त्याचा भाऊ होता, तिकडे जायचं ठरलं. तिने घरी सांगितलं. बापाने तेव्हाही हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. घर गप्प झालं. ती ओरडली, रडली, ताटल्या आपटल्या, पण समोर भिंत. हळूहळू तिचं जेवण सुटलं. आपण बापाचं काळीज फोडतोय असं तिला वाटायला लागलं, आणि एके सकाळी तिने स्वतःच्या हाताने ट्रंक रिकामी केली. बापाने लापशीचा वाडगा तिच्यापुढे सरकवला आणि म्हणाला, "आज वारा पडलाय." बस्स. कॅलम एकटाच गेला.

म्हणून या वेळी तिने मनाशी घट्ट ठरवलं होतं: काही झालं तरी बस पकडायची. या वेळी राहिली, तर पुन्हा निघायचं वय उरणार नाही.

शुक्रवार उजाडला तो पावसाचा. त्याच आठवड्यात वॉटीची लाडकी म्हातारी मेंढी, अर्ध्या कानाची, ताटावर उतरून अडकली होती. फार तर तिसरा दिवस असेल. गवत अजून शिल्लक होतं. सकाळी वॉटी उठला, खुंटीवरचा दोर घेतला.

"आज कुठं?" इशबेल म्हणाली. "ती अजून उभी राहून रवंथ करतेय. काल मी बघितली. शेपटाला हात लावू देणार नाही ती."

वॉटी बूट बांधत होता.

"वॉटी, मी तुझ्याशी बोलतेय. दाराच्या खांबाशी नाही."

दार आपटलं. मागोमाग नेल कुत्री निघाली. खिडकीतून इशबेलने त्याला पावसात चढताना पाहिलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जा, जा! दोर धरायला आपण लागतो हे त्याला माहीत आहे. मुद्दाम दोर नेतोय, म्हणजे मी मागून धावत येईन. येत नाही जा. तिने बॅग दाराशी आणून ठेवली. बस चारला पुलापाशी यायची. तिने चुलीवर सूप चढवलं, तो परत आल्यावर खाईल म्हणून. राग असो, नसो, सूप चढवलंच.

सुपातली बार्ली शिजली असेल-नसेल, तोच दाराला नखं घासल्याचा आवाज आला. नेल. एकटीच, चिंब भिजलेली, शेपूट पोटात. नेल वॉटीला सोडून आजवर कधी घरी आली नव्हती.

ती एप्रनसकट धावली. चढावर दोनदा गुडघ्यावर आली. किल्ल्याच्या नदीकडच्या खिडकीचा मधला दगडी खांब जागेवर नव्हता. तिथं नुसती ताजी पांढरी खूण होती. वेड्याने दोर त्या खांबाला बांधला होता. तिने खिडकीतून पोटावर पडून खाली पाहिलं. मेंढी नव्हती. दोर नव्हता. ताटावर, कड्याला पाठ लावून, वॉटी बसलेला. एक पाय नको तसा वळलेला. खाली धबधबा आणि ताट यांच्यामध्ये नेहमी असते त्याच्या निम्मीही जागा नव्हती. पावसाने स्केर फुगली होती आणि तुषारांच्या लाटा थेट त्याच्या अंगावर येत होत्या.

"वॉटी!" तिने जीव खाऊन हाक मारली. आवाज निघाला तसा पाण्याने गिळला.

परत खाली घराकडे. टेलिफोनचा आकडा दोनदा चुकला. पलीकडच्या शेतावरचा गॅव्हिन मॅकक्लिमंट घरीच सापडला, हे नशीब.

"गॅव्हिन, वॉटी ताटावर पडलाय. पाय मोडलाय बहुतेक. दोर नाही."

"ताटावर? वॉटी?" गॅव्हिनला पटेना. "अगं, तो तर—"

"तो तर काय! गाढव आहे तो. तू येतोस का?"

"येतो, पण ओढ्यातून जायची वाट बुडालीये, इशबेल. पोरं, दोर, ट्रॅक्टर सगळं गोळा करून वरच्या पुलाने फिरून यावं लागेल. दोन-तीन तास तरी. तोवर त्याला हलू देऊ नकोस. आणि ऐक, झोपू देऊ नकोस. थंडीने झोप येते, आणि झोपलेला माणूस त्या ताटावरून लवंडला तर—"

"कळलं," इशबेल म्हणाली आणि फोन ठेवला.

दोन घोंगड्या आणि कपडे वाळत घालायची दोरी घेऊन ती पुन्हा वर आली. घोंगडीची गुंडाळी करून खिडकीतून सोडली, तर वाऱ्याने ती ताटाच्या बाहेर भिरकावली आणि दोरी खडकात अडकून तुटली. दुसरी घोंगडी तिने छातीशी धरली. आता हाती काय? आवाज. पण तो पोचणार कसा?

मग तिला जहागीरदाराचा संडास आठवला. लहानपणी तिघं-चौघं पोरं त्या भोकात तोंड घालून ओरडायची आणि ताटावरच्या मेंढ्यांना घाबरवायची. बापाने त्यासाठी वॉटीला एकदा बडवला होता. नळा भिंतीच्या आतून जातो, पाण्याचा गोंगाट तिथं शिरत नाही. ती दगडी बाकावर आडवी झाली आणि भोकात डोकं घातलं. आत शेवाळाचा वास आणि खाली हातभर उजेड. त्या उजेडात वॉटीची ओली टोपी.

"वॉटी, मी आहे. गॅव्हिन निघालाय. ऐकू येतंय का?"

टोपी हलली. म्हणजे ऐकू आलं. उत्तर नाही.

"पाय मोडलाय का?"

उत्तर नाही.

"अरे, मेला आहेस का जिवंत आहेस, एवढं तरी सांग!"

काही नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही तो असा! इशबेलला त्या भोकातूनच त्याच्या टोपीवर दगड टाकावासा वाटला. मग टोपी सरकली. तो भिंतीला धरून एका पायावर उठत होता, आणि हात वर जात होता तो कड्यावरच्या आयव्हीच्या वेलीकडे. ओली आयव्ही! शेळीचंही वजन पेलायची नाही ती.

"वेल धरू नकोस!" ती किंचाळली. "वॉटी, खाली बस! आत्ताच्या आत्ता बस!"

हात वेलीवरच राहिला. आणि मग, तीन आठवड्यांनी, नळ्यातून त्याचा आवाज आला, घोगरा, विहिरीतून यावा तसा.

"बस चुकेल तुझी."

इशबेलला हसावं की रडावं कळेना. "त्यासाठी चढतोयस? माझ्या बसची काळजी तुला? खाली बस म्हटलं ना!"

तो बसला. कण्हला. "घोटा गेलाय," तो म्हणाला. "मेंढीने छातीत धडक दिली. गेली बिचारी."

"बिचारी तुझ्या पायी गेली. ती तयार नव्हती. माझ्यापेक्षा तुला जास्त कळतं ते. का उतरलास?"

"घरात थांबवेना. तू बॅग उचलणार, आणि मी ते बघत बसणार. नव्हतं बघायचं मला."

"मग तोंडाने का नाही बोललास? तीन आठवडे मुक्यासारखा—"

"बाबांनी तसंच सांगितलं होतं."

"बाबा मेलेत, वॉटी. त्यांना जाऊन किती वर्षं झाली."

"तेव्हा सांगितलं होतं. कॅलमच्या वेळी." शब्द आता तुटक येत होते, दातांवर दात आपटत होते. "म्हणाले, तिच्याशी कोणी बोलायचं नाही. अडवलं की उडी मारेल. जवळ जायचं नाही. खंगली की येईल हाताला. आणि आलीस की तू. म्हणून मीही या वेळी..."

तिने नळ्यातून डोकं बाहेर काढलं.

पाऊस तिच्या पाठीवर पडत होता. इतकी वर्षं तिला वाटायचं, घर गप्प झालं ते दुःखाने. बापाला बोलवत नव्हतं म्हणून. त्या दुःखाला घाबरून तिने ट्रंक रिकामी केली होती, बाप मरेपर्यंत त्याची सेवा केली होती, त्याच्या कबरीवर दर वर्षी फुलं ठेवली होती. आणि ते दुःख नव्हतंच. तो धंदा होता, मेंढी धरायचा. लापशीचा वाडगा पुढे सरकवला तेव्हा बापाने मनात म्हटलं असेल, आली. आणि हा भाऊ शेजारी बसून बघत होता, त्याला माहीत होतं!

नळ्यातून हाक आली. "इशबेल?"

तिने उत्तर दिलं नाही.

"इशबेल, आहेस का?"

नाही दिलं. बसू दे म्हणावं तसाच. तुम्हाला गप्प बसता येतं, मला येत नाही? बघू दे जरा त्यालाही, भिंतीशी बोलल्यावर कसं वाटतं ते. ती खिडकीत येऊन उभी राहिली. दूर खाली पुलाचा रस्ता पावसात दिसत होता, आणि त्या रस्त्यावरून चारची बस आली. पुलापाशी थांबली. ड्रायव्हर तिला ओळखायचा. त्याने वाट पाहिली असावी, कारण बस जास्तच वेळ थांबली. मग गेली. इशबेल हेनेने ती नाहीशी होईपर्यंत पाहिली आणि ढसाढसा रडली.

नळा आता गप्प होता.

केव्हा गप्प झाला, तिच्या लक्षात आलं नव्हतं. हाका थांबल्या होत्या. तिने खिडकीतून वाकून पाहिलं. वॉटीची मान छातीवर पडली होती. खांदा कड्यापासून सुटून हळूहळू बाहेरच्या बाजूला कलत होता. ताट संपायला वीतभर जागा.

मेंढी थकली की वाचते. माणसाचं तसं नाही.

ती बाकावर आदळलीच. कपाळाला खोक पडली ती खूण शेवटपर्यंत राहिली. "वॉटी! अरे मेल्या, ऊठ! वॉटी हेने! हरामखोरा, डोळे उघड!"

टोपी हलेना.

"मी तुला सोडणार नाही, ऐकलंस? असा गुपचूप मरून सुटशील होय रे! माझं आयुष्य खाल्लंत तुम्ही दोघांनी! लापशी खावी तसं खाल्लंत! तो म्हातारा तर गेला, त्याला मी आता काय विचारू? तुला विचारणार! तू उत्तर देणार! ऊठ!"

"...ओरडू नकोस," खालून आलं.

"ओरडणार! मागे सरक. पाठ कड्याला लाव. लावलीस? आता सांग, कॅलम गेला त्या दिवशी तू कुठं होतास?"

"पुलावर."

"कशाला?"

"त्याने... त्याने विचारलं, ती येतेय का. मी म्हटलं, नाही."

"आणि मला सांगितलंस का तो पुलावर थांबला होता ते?"

"नाही."

"कुत्र्या!" इशबेल म्हणाली, आणि नेलने मान वर केली. "तुला नाही गं. बोल, वॉटी, पुढे बोल. थांबलास तर याद राख."

आणि मग ती दोघं बोलत राहिली. तिने शिव्या द्यायच्या, त्याने उत्तर द्यायचं. बापाचं काढलं, आईचं काढलं, वॉटीला मिलच्या जेनेटशी लग्न करायचं होतं आणि तोही बोललाच नाही, तेही निघालं. आवाज बसला तरी तिने थांबू दिलं नाही. तो पेंगला की मेंढ्यांची नावं विचारायची, चुकला की खवळायची. दोघांचे चाळीस वर्षांचे शब्द त्या संडासाच्या भोकातून गेले. एकदा तो म्हणाला, "तू जा, इशबेल. मंगळवारच्या बसने जा. मी अडवणार नाही."

"गप. ताटावर बसलेल्याचा शब्द मी धरत नाही. वर ये, पोटभर सूप पी, अंगात ताकद येऊ दे. मग तोंड वर करून काय ते सांग."

अंधारायला लागलं तेव्हा ट्रॅक्टरचे दिवे चढावर दिसले. गॅव्हिन आणि गावातले तीन गडी दोर घेऊन धावत आले. गॅव्हिन स्वतः उतरला. दोर ट्रॅक्टरला बांधला होता, तरी इशबेलने त्याचं शेपूट कमरेला गुंडाळून पाय रोवले. कोणी तिला बाजूला हो म्हणायला धजलं नाही. मध्येच कड्यातला एक धोंडा सुटून धबधब्यात गेला, दोर झोकांडला, खालून कोणीतरी ओरडलं. तिने डोळे मिटले, पण हात सोडले नाहीत. मग खिडकीच्या कडेवर एक निळसर पडलेला हात आला. तिने तो मनगटाशी धरला आणि ओढला.

वॉटी फरशीवर पडला. बहिणीच्या रक्ताळलेल्या कपाळाकडे बघून म्हणाला, "काय गं हे?"

"तुझ्या बापाचं बक्षीस," ती म्हणाली.

"देवा रे," गॅव्हिन दोर गुंडाळत म्हणाला. "मी समजलो, ही दोघं अर्धमेली सापडतील. इथं भांडण चाललंय!"

डॉक्टरने घोट्याला प्लास्टर घातलं. दीड-दोन महिने पाय टेकायचा नाही. दुसऱ्या दिवशी गॅव्हिनची बायको नॅन घरी भाजलेले स्कोन-पाव घेऊन आली, दाराशी ठेवलेली बॅग पाहून म्हणाली, "ही आता आत ठेव बाई. आता कसली जातेस तू! लंगड्या भावाला टाकून?" रविवारी चर्चमध्येही सगळ्यांनी तेच गृहीत धरलं. पाद्र्याने तर हात हातात घेऊन तिच्या त्यागाची स्तुती केली. इशबेलला वाटलं, त्याच्या टाळक्यात प्रार्थनेचं पुस्तक हाणावं.

पण खरी धास्ती वेगळीच होती. वॉटी पुन्हा गप्प झाला होता.

ताटावर बोलला तो बोलला. घरात आला, चुलीशी बसला, पाय स्टुलावर ठेवला, आणि भिंतीकडे बघायला लागला. शनिवार गेला, रविवार गेला. लापशी ठेवली की खायचा. सोमवारी तर रागवायचंही तिच्या अंगात उरलं नाही. धबधबा कानात घरघरत होता. त्याच्या पायाखाली उशी सारताना तिला वाटलं, जाऊ दे. नॅन म्हणते ते काय खोटं आहे? संध्याकाळी तिने बॅग उघडली, आतला निळा ब्लाउज काढला आणि परत कपाटात टांगला. टांगताना तिचे हात ओळखीचे वाटले तिला. हे हात हेच काम आधी करून बसले होते. ती तशीच कपाटापाशी उभी राहिली, बाहेरच्या खोलीतून काही आवाज येतो का ऐकत. आला नाही.

मंगळवारी सकाळी तिने लापशी शिजवली, वाडगा त्याच्यापुढे ठेवला. वॉटीने चमचा उचलला. त्याने तो परत ठेवला.

"इशबेल," तो म्हणाला.

ती वळली नाही. किटली हातात तशीच.

"सूप प्यायलोय. चार दिवस. ताकद आलीये अंगात." त्याच्या कपाळावर घाम होता. कड्यावर उतरतानाही त्याला इतका घाम फुटला नसेल. "जाऊ नकोस. मला नको वाटतं तू गेलेलं. मला एकट्याला भीती वाटते."

तिने किटली खाली ठेवली. मग ती त्याच्यासमोर बसली आणि टेबलावर डोकं टेकून रडली. त्याने घाबरून तिच्या केसांवर हात ठेवला, मेंढीच्या डोक्यावर ठेवतात तसा, आणि लगेच काढून घेतला.

"राहतेस?" त्याने विचारलं.

तिने डोळे पुसले. "नाही, वॉटी. जाते."

"अगं, पण मी तर बोललो! तूच म्हणालीस ना, बोल म्हणून?"

"बोललास म्हणूनच जाते. तू आज गप्प बसला असतास ना, तर मी राहिले असते. ब्लाउज कालच टांगला मी कपाटात. गप्प माणसाला नाही कसं म्हणणार? तू आत्ता जाऊ नकोस म्हणालास, मी नाही म्हणाले. झालं. एवढंच हवं होतं रे. बाबा एकदा जरी 'जाऊ नकोस' म्हणाले असते, तर मी त्यांच्याशी कडाकडा भांडले असते आणि त्याच दिवशी पूल ओलांडला असता."

वॉटीने लापशीत चमचा फिरवला. "म्हणजे माझंच चुकलं," तो म्हणाला. "गप्पच बसायला हवं होतं."

इशबेलला हसू फुटलं. रडता रडता फुटलं. "आता उशीर झाला."

तिने गॅव्हिनला फोन केला. मेंढ्या तो बघणार होता, आणि नॅन दोन्ही वेळा येणार होती. नॅन बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही. निळा ब्लाउज बॅगेत गेला. साडेतीनला इशबेल कोट घालून दाराबाहेर पडली. नेल पुलापर्यंत तिच्याबरोबर गेली. अर्ध्या उतारावर तिला मागून हाक ऐकू आली. वॉटी कुबडी टेकून दारात उभा होता आणि धबधब्यावर मात करत बेंबीच्या देठापासून ओरडत होता.

"सूप किती दिवस पुरेल?"

"गुरुवारपर्यंत!" ती ओरडली. "मग शीक!"

"आणि मीठ कुठं आहे?"

"विचार ना, फोन आहे घरात!" तिने सांगितलं, आणि बस दिसली म्हणून पाय उचलले.